कूलंट कमी होते, पण जमिनीवर थेंब नाही: गळती घरी कशी शोधावी?

जुळे_सोलापूर यांचा धागा

नमस्कार. माझ्याकडे ११ वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. दोन वर्षांपूर्वी मी ती वापरलेली म्हणून विकत घेतली. शहरातली कामे आणि दर गुरुवारी आईला अक्कलकोटला दर्शनासाठी नेऊन आणणे, एवढाच तिचा वापर आहे. गेल्या दीड महिन्यापासून कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतली पातळी आठवड्याला साधारण पाव लिटरने खाली येते. गाडी जिथे उभी असते तिथल्या फरशीवर मात्र एकही डाग नाही. टेम्परेचरचा काटा अजून मधल्या रेघेच्या वर गेलेला नाही.

एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तेव्हा बॉनेट उघडून दोन मिनिटांत हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्या जोडातले सील) गेल्याचे सांगण्यात आले आणि हेड उतरवण्याचा खर्च २२ हजारांच्या घरात जाईल, असा अंदाज मिळाला. खर्च करावाच लागणार असेल तर माझी तयारी आहे. परंतु कोणतीही चाचणी न करता काढलेल्या निष्कर्षावर इंजिन उघडावे, हे मनाला पटत नाही. माझ्याकडे पाने, जॅक, दोन स्टँड आणि रविवारचा मोकळा वेळ आहे. घरच्या घरी काय तपासता येईल आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी सांगावे. एप्रिल लागला आहे आणि आईला बरोबर घेऊन भर उन्हात रस्त्यात अडकायचे नाही.

आगारातला_मिस्त्री यांचा प्रतिसाद

मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. तुम्ही इंजिन उघडले नाही, हे उत्तम केले. आधी गळती कुठे आहे ते दिसले पाहिजे, मग पाना हातात घ्यायचा. आम्ही नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवत असू.

जमिनीवर डाग नाही म्हणजे कूलंट इंजिनच्या आतच जळते आहे, असा अर्थ लगेच काढू नका. इंजिन चालू असताना हे मिश्रण दाबाखाली असते. रेडिएटरच्या टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तेवढा दाब चढल्यावरच ते टोपण वाट मोकळी करते. केसाएवढी फट थंड इंजिनवर पूर्ण बंद राहते आणि दाब चढला की पाझरू लागते. तो पाझर तापलेल्या धातूवर पडून जागीच वाळतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तर तो खाली पोचण्याआधीच उडून जातो. पाणी जाते, पण त्यातले क्षार आणि रंग मागे राहतात. म्हणून थेंब शोधू नका, पांढरट किंवा हिरवट पापुद्रा शोधा.

रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर सकाळी पुढील गोष्टी पाहा आणि इथे लिहा. रेडिएटरचे टोपण उघडल्यावर कूलंट अगदी काठापर्यंत आहे का? इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, साईसारखा थर आहे का? टोपण उघडे ठेवून गाडी सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात का? टोपण लावून गाडी सुरू केल्यावर, ती अजून गरम झालेली नसतानाच, वरचा होज पाइप मिनिटभरात दगडासारखा कडक होतो का? सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का आणि त्याला गोडसर वास आहे का? पुढच्या सीटखालचा गालिचा ओला लागतो का?

गरम इंजिनवर टोपण कदापि उघडू नका. दाब सुटताच आतले पाणी क्षणात उकळून अंगावर येते. त्या भाजण्याच्या खुणा मी सहकाऱ्यांच्या हातांवर पाहिल्या आहेत.

जुळे_सोलापूर यांचा प्रतिसाद

काका, मनापासून आभार. आज पहाटे साडेपाचला सगळे तपासले. ऑइलचे झाकण स्वच्छ आहे आणि ऑइलच्या पट्टीवरही दुधाळपणा नाही. बुडबुडे सुरुवातीला दोन-तीन आले, नंतर थांबले. वरचा पाइप पहिल्या पाच मिनिटांत मऊच राहिला. पांढरा धूर नाही. डाव्या सीटखाली किंचित ओल आहे, पण ती स्वच्छ पाण्याची असून तिला वास नाही.

एका गोष्टीने मात्र मी चपापलो. बाटलीत कूलंट खालच्या खुणेच्या वर होते, पण रेडिएटरचे टोपण काढल्यावर पातळी काठापासून तीन बोटे खाली दिसली. मी आजवर फक्त बाटलीच पाहत आलो.

आगारातला_मिस्त्री यांचा प्रतिसाद

आता चित्र स्पष्ट होऊ लागले आहे. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून हेड गॅस्केटची शक्यता बरीच मागे पडते. खात्री हवी असेल तर एक स्वस्त रासायनिक चाचणीही आहे. रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. त्या हवेत जळालेला वायू असेल तर पेट्रोल गाडीच्या बाबतीत तो द्रव पिवळा पडतो. गॅस्केटचे निदान सांगणाऱ्याकडे ही चाचणी मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

सीटखालची बिनवासाची ओल ही बहुधा एसीच्या पाण्याची आहे, त्याची निचरा नळी तुंबली असावी. केबिनमधल्या हीटरच्या जाळीतून कूलंट गळत असते तर ओल चिकट लागली असती, गोडसर वास आला असता आणि आतून काचेवर तेलकट धुके बसले असते.

तीन बोटांचा फरक मात्र महत्त्वाचा आहे. मिश्रण तापले की फुगते. पाच लिटरमागे साधारण पाव लिटर, असा ढोबळ हिशेब धरा. हे वाढलेले पाणी टोपणाच्या मोठ्या झडपेतून बाटलीत जाते. इंजिन थंड झाल्यावर आत पोकळी निर्माण होते आणि टोपणाच्या मधोमध असलेली छोटी झडप उघडून तेच पाणी परत ओढले जाते. ती झडप क्षाराने चिकटली, टोपणाचे रबर कडक झाले किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली, तर पाणी परत येत नाही. बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. म्हणून टोपण उलटे करून रबराची कड पाहा आणि मधली चकती नखाने अलगद ओढून ती सहज मागे बसते का ते तपासा.

टोपण बदलले तरी तुमचे पाव लिटर कुठे जाते, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी दाबाची चाचणी करा. हातपंप आणि घड्याळासारखे दाबमापक असलेला टेस्टर ओळखीच्या मिस्त्रीकडून तासाभरासाठी मिळतो.

पुणे_फेरी यांचा प्रतिसाद

मी सोलापूर–पुणे मार्गावर भाड्याची गाडी चालवतो. माझा अनुभव सांगतो. स्पेअर पार्टच्या दुकानात गळती बंद करणारी बाटली मिळते, ती रेडिएटरमध्ये ओतली की बारीक भोके बुजतात. आमचे जुने ट्रकचालक तर मूठभर हळद टाकून टेंभुर्णीहून थेट पुण्यापर्यंत गाडी नेत असत. एवढ्याशा पाझरासाठी रविवार घालवण्याची गरज आहे का?

आगारातला_मिस्त्री यांचा प्रतिसाद

हळदीचा उपाय मी स्वतः रस्त्यावर केला आहे. प्रवासी भरलेली गाडी आडरानात उभी असताना तो योग्यच होता. परंतु आगारात पोचल्याबरोबर आम्ही संपूर्ण यंत्रणा धुऊन काढत असू. हळद असो वा बाटलीतले औषध, आत गेलेल्या भुकटीला गळतीचे भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. हीटरची जाळी आणि रेडिएटरचे अरुंद मार्ग आधी तुंबतात, आणि मग ४२ अंशांच्या दुपारी गाडी तापते. ज्याच्या हातात वेळ आणि अवजारे दोन्ही आहेत, त्याने हा मार्ग घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रयोगशाळा यांचा प्रतिसाद

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि माझ्या गाडीची साधी देखभाल स्वतः करते. धागाकर्त्यांना एक प्रश्न विचारते: आजवर कमी झालेले कूलंट आपण कशाने भरत आलात? आणि आधीच्या मालकांनी काय भरले होते, याची कल्पना आहे का?

विचारण्याचे कारण असे. सोलापुरात पाणी गोठण्याइतकी थंडी कधीच पडत नाही, म्हणून ‘आपल्याकडे साधे पाणी चालते’ असा समज खोलवर रुजलेला आहे. परंतु कूलंटचे काम केवळ गोठणे थांबवणे नाही. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) यांचे समसमान मिश्रण उघड्यावरही सुमारे १०७ अंशांना उकळते आणि टोपणाच्या दाबाखाली तो बिंदू १२५ अंशांच्याही पुढे जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात गंजरोधक घटक असतात. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. घरच्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनमधल्या पाण्याच्या वाटांवर बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडते. शिवाय फॉस्फेट किंवा सिलिकेट असलेल्या कूलंटमधले गंजरोधक घटक कठीण पाण्याशी संयोग पावून गाळ बनून खाली बसतात, म्हणजे संरक्षण द्यायला ते उरतच नाहीत.

रंग पाहून कूलंट निवडणे हीदेखील चूक आहे. हिरवा, गुलाबी, निळा या रंगांना कोणतेही सार्वत्रिक प्रमाण नाही. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार दिला असेल तोच घ्यावा आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत.

जुळे_सोलापूर यांचा प्रतिसाद

ताई, आपण नेमके मर्मावर बोट ठेवलेत. आधीच्या मालकांना फोन केला. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की ते अंगणातल्या बोअरचे पाणीच घालत असत. मीही गेल्या महिन्यात दोन वेळा तेच केले.

आज दाबाची चाचणी केली. वर्गमित्राच्या भावाने टेस्टर दिला. थंड इंजिनवर रेडिएटरच्या तोंडाला तो बसवून टोपणावरच्या आकड्याइतका, म्हणजे ०.९ पर्यंत दाब दिला आणि वाट पाहत बसलो. १५ मिनिटांत काटा ०.६ वर आला. खाली पुठ्ठा अंथरला होता, तो कोरडाच होता. रेडिएटरची जाळी, दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या टाक्यांची दुमडलेली कड, वरचा व खालचा पाइप, सगळीकडे कोरडा टिश्यू कागद फिरवला. तो कुठेही ओला झाला नाही. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाशीही कोरडेच होते.

शेवटी दाढीचा छोटा आरसा आणि मोबाइलची बॅटरी घेऊन इंजिनच्या मागच्या अंगाला, जिथे थर्मोस्टॅटचे (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचे) ॲल्युमिनियमचे घर, म्हणजे कवच, हेडला दोन बोल्टने जोडलेले आहे, तिथे पाहिले. जोडाच्या खालच्या कोपऱ्यावर पांढऱ्या-हिरव्या क्षाराची मिशीसारखी रेघ होती. दाब पुन्हा ०.९ वर नेला आणि नजर हलवली नाही. दोनेक मिनिटांनी त्या कोपऱ्यावर मोहरीएवढा चमकता ठिपका उमटला, तो सावकाश ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, थरथरला आणि घरंगळून थेट गिअरबॉक्सच्या कवचावर पडला. तिथे जुन्या थेंबांचे वाळलेले पदर एकावर एक चढलेले आहेत. दीड महिन्याचे कूलंट तिथे जात होते. गाडी उभी असते तेव्हा तो भाग थंड, आणि चालते तेव्हा तव्यासारखा तापलेला!

टोपणाचे रबरही कडक होऊन चिरलेले निघाले. दोन्ही कामे करायची आहेत. काका, पुढे कसे जाऊ?

आगारातला_मिस्त्री यांचा प्रतिसाद

शाबास. आता काम सोपे आहे, फक्त घाई करू नका.

बॅटरीची ऋण तार आधी काढा. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी काढल्यावरही फिरू लागतो आणि बोटे जवळ असतात. खालचा पाइप काढून कूलंट स्वच्छ बादलीत घ्या. पाइप जागचा हलत नसेल तर पेचकस खुपसून ओढू नका, त्याने प्लास्टिकचे नळकांडे तुटते. हाताने पीळ द्या, म्हणजे तो सुटेल. घराचे बोल्ट दहा नंबरच्या पान्याचे असतील. ॲल्युमिनियममध्ये अडकलेला जुना बोल्ट जोर लावला तर मुंडी टाकून मोकळा होतो. गंजावरचे तेल फवारून अर्धा तास थांबा, थोडा ढिला करा, परत आवळा, परत ढिला करा.

घर हातात आल्यावर त्याची बसण्याची बाजू बोटाने चाचपा. जुने गॅस्केट लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ब्लेडचा एक ओरखडा म्हणजे नवी गळती. खड्डे उथळ असतील तर काचेवर पॉलिश पेपर पसरून घराची ती बाजू गोल गोल घासली की सपाट होते. खड्डे बोल्टच्या भोकापासून पाण्याच्या वाटेपर्यंत पोचले असतील, तर नवे घरच आणा. लांबी थापून वेळ मारून नेऊ नका. हेडच्या बाजूला मात्र घासू नका, ती फक्त पुसा आणि कचरा आत पडू नये म्हणून तोंडात कापड कोंबा. ते कापड काढायला विसरू नका!

तिथवर पोचलाच आहात, तर थर्मोस्टॅटही नवा घाला. पुस्तिकेत दिलेल्या अंशांचाच घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नका. इंजिन योग्य तापमानाला पोचले नाही तर पेट्रोल जास्त जळते आणि झीज वाढते. बोल्ट आवळताना आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एवढ्या बोल्टना ८ ते १० न्यूटन-मीटर पुरते, म्हणजे छोट्या पान्यावर मनगटाचा जोर, दंडाचा नव्हे.

प्रयोगशाळा यांचा प्रतिसाद

भरतानाचा हिशेब मी सांगते, कारण तिथे अनेकांची चूक होते. पूर्ण यंत्रणेत ४ लिटर मावत असेल तर खालचा पाइप काढल्यावर सगळे बाहेर येत नाही. लिटरभर तरी इंजिनच्या पोटात राहते. आधी साध्या बॅटरीच्या पाण्याने, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याने, दोन-तीन वेळा धुऊन घ्या. प्रत्येक वेळी पाणी भरून इंजिन गरम होईपर्यंत चालवा, थंड होऊ द्या आणि सोडा. शेवटी आत जे लिटरभर उरेल ते साधे पाणीच असेल. म्हणून बाजारातले तयार मिश्रण ओतले तर ते आणखी पातळ होईल. त्याऐवजी २ लिटर निव्वळ कूलंट आणि १ लिटर क्षारविरहित पाणी घाला, म्हणजे एकूण ४ लिटरमध्ये प्रमाण निम्मे-निम्मे होईल. जास्त घातले तर जास्त चांगले, असेही नाही. ग्लायकॉल उष्णता वाहून नेण्यात पाण्यापेक्षा कमी पडते. बॅटरीचे पाणी घेताना दुकानदाराने चुकून ॲसिड दिले नाही ना, हे लेबल वाचून पाहा.

आणि एक कळकळीची विनंती. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. बादली उघडी ठेवू नका, फरशी भरपूर पाण्याने धुण्याआधी सांडलेले माती किंवा भुशाने टिपून घ्या. जुने कूलंट झाकणबंद डब्यात भरून त्यावर नाव लिहा आणि टाकाऊ ऑइल अधिकृतपणे गोळा करणाऱ्या वर्कशॉपला ते घेतील का, हे विचारा. गटारात किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नका.

जुळे_सोलापूर यांचा प्रतिसाद

रविवारी काम केले. सकाळी सहाला सुरुवात केली आणि ऊन चढायच्या आत घर बाहेर काढले. एक बोल्ट सहज निघाला, दुसऱ्याने पाऊण तास घेतला. घराच्या खालच्या कोपऱ्यात खड्डे इतके खोल होते की नख अडकत होते, म्हणून नवेच आणले. सोबत थर्मोस्टॅट, गॅस्केट, टोपण आणि वरच्या पाइपच्या दोन क्लिपा घेतल्या. सगळे मिळून खर्च तीन हजारांच्या आत राहिला.

धुताना पहिल्या खेपेला विटकरी पाणी आले, दुसऱ्या खेपेला फिकट चहासारखे, तिसऱ्या खेपेला जवळजवळ स्वच्छ. मग ताईंनी दिलेल्या प्रमाणात भरले.

इथे एक प्रसंग घडला, तो इतरांच्या उपयोगासाठी लिहितो. भरल्यावर मी टोपण लावून लगेच होटगी रस्त्याला फेरी मारायला निघालो. तीन किलोमीटरवर काटा मधल्या रेघेच्या वर सरकला आणि हीटर लावून पाहिला तर त्यातून थंड वारा येत होता. गाडी कडेला सावलीत घेतली, इंजिन बंद केले आणि पुढचा तासभर कशालाही हात लावला नाही. घरी येऊन काकांना फोन केला.

आगारातला_मिस्त्री यांचा प्रतिसाद

इतरांसाठी तेच इथे लिहितो. काटा वर आणि हीटर थंड, ही आत हवा अडकल्याची खूण आहे. तुम्ही वेळीच थांबलात म्हणून हेड वाचले. अशा वेळी घाबरून तापलेल्या इंजिनवर थंड पाणीही ओतायचे नसते, त्याने हेडला तडा जातो.

थंड गाडी उतारावर अशी उभी करा की पुढचे तोंड वर राहील. टोपण काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि इंजिन निवांत चालू द्या. पातळी खाली जाईल तसे भरत राहा. काही वेळाने थर्मोस्टॅट उघडला की गार असलेला पाइप एकदम गरम होतो आणि मोठे बुडबुडे येतात. ते थांबले आणि हीटरमधून सलग गरम वारा येऊ लागला की काठापर्यंत भरून टोपण लावा. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उघडून पाहा, थोडे कमी झालेले असेल.

जुळे_सोलापूर यांचा प्रतिसाद

काकांनी सांगितल्याप्रमाणे केले. मोठे बुडबुडे तीन वेळा आले. दुसऱ्या पहाटे अर्धा पेला कमी झाले होते, तेवढे भरले. टेस्टर पुन्हा लावला. २० मिनिटे काटा ०.९ वरून हलला नाही.

बाटलीवर कागदी चिकटपट्टी लावून थंड इंजिनची पातळी पेनने आखली. त्यानंतर तीन गुरुवार अक्कलकोटला जाऊन आलो आणि मधल्या एका रविवारी, दुपारी दोन वाजता, एसी चालू ठेवून मुद्दाम तुळजापूरचा घाट चढलो. काटा जागचा हलला नाही. आज पहाटे पाहिले, तर कूलंट पेनच्या रेघेवरच आहे, रेडिएटर काठोकाठ भरलेला आहे, आणि आरशात तो खालचा कोपरा कोरडा दिसतो. एसीची निचरा नळीही साफ केली, त्यात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते. आता सीटखाली ओल नाही.

खालचा पाइप दाबल्यावर टोकाशी थोडा मऊ लागतो. तो पावसाळ्याआधी बदलणार आहे. त्या वेळी कूलंट पुन्हा काढावे लागेल, म्हणून अर्धा लिटर निव्वळ कूलंट आणि बॅटरीच्या पाण्याचा एक कॅन कपाटात वर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी, ठेवला आहे.